देगेच्या काठावरचा अंगठा

मी एक जुनी तांब्याची देग आहे. चार माणसांनी दांडे घालून उचलावी एवढी मोठी, आणि आतून चंद्रासारखी पांढरी. म्हणजे कल्हई असेल तेव्हा पांढरी. माझ्या पोटात आजवर गहू शिजला, मटण शिजलं, द्राक्षांचा रस आटला, मेलेल्यांच्या नावाचा शिरा परतला गेला. आणि एकदा, मित्रांनो, माझ्या पोटात एक जिवंत बाळ शिजायला ठेवलं होतं.

घाबरू नका. आमच्याकडे तो मायेचाच एक प्रकार आहे. पण अगदी निर्धास्तही बसू नका. त्या सकाळी काय झालं ते पूर्ण कोणालाच माहीत नाही. गावातल्या बायकांनी त्याची एक गोष्ट केली, तीच आजवर चालते. खरी गोष्ट फक्त माझ्या काठाला माहीत आहे.

माझा जन्म तुर्कस्तानातल्या तोकात शहराच्या तांबटआळीत झाला. मला घडवणाऱ्याचं नाव उस्ताद मिसाक. लहानपणी त्याच्या उजव्या अंगठ्यावर घण पडला होता. आतलं हाड चुरून गेलं आणि पुढे तो अंगठा कणकेच्या गोळ्यासारखा मऊच राहिला. दुसऱ्या कोणी धंदा सोडला असता. मिसाकने त्या मऊ अंगठ्यालाच कामाला लावलं. भांड्याचा काठ वळवला की तो त्यावरून अंगठा फिरवायचा. हाड नसलेल्या बोटाला खडबड लगेच कळते, असं तो म्हणायचा. माझा काठ वळवून झाल्यावर तो बराच वेळ एकाच जागी अंगठा टेकून उभा होता. तिथे एक उथळ खळगा राहिला. अजून आहे. घाईने पाहिलं तर दिसत नाही.

मग कल्हई. तांब्याच्या भांड्याला कल्हई नसेल तर आंबट अन्नात विष उतरतं, हे तुम्हाला तुमच्या आज्यांनी सांगितलंच असेल. मिसाकची बायको भाता मारायची, मी लालबुंद व्हायचे, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि कथलाचा थेंब माझ्या पोटात पाण्यासारखा पसरायचा. एक क्षण आधी उतरवलं तर कल्हई धरत नाही. एक क्षण उशीर झाला तर जळते. तो क्षण मिसाकला कळायचा. एरवी मुका वाटावा असा माणूस, पण त्या क्षणी दोनच शब्द बोलायचा.

"झालं. काढ."

मला चामाल्ती नावाच्या डोंगरातल्या गावाने विकत घेतलं. एका घराने नव्हे, सगळ्या गावाने मिळून. त्यामुळे मी कोणाचीच नव्हते आणि सगळ्यांची होते. दरवर्षी वसंतात गाढवावर घालून मला कल्हईसाठी मिसाककडे नेत. अशी बरीच वर्षं गेली. एका वर्षी गेलो तर दुकान बंद होतं. फळ्यांवर कुलूप, आणि कुलुपावर धूळ. भाता मारणारी बाईही कुठे दिसली नाही. गावकरी जरा वेळ उभे राहिले, मग पलीकडच्या दुकानात गेले. तिथला माणूसही चांगली कल्हई करायचा.

मिसाक कुठे गेला, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मला तोंड आहे, पण जीभ नाही.

त्यानंतर कित्येक दशकं माझं आयुष्य सणांच्या मागे फिरत राहिलं. आमच्याकडे दोन जातीची माणसं असावीत तसे दोन जातीचे सण आहेत. काही सूर्याचे. ते आपली जागा सोडत नाहीत. नवरोजला बर्फ वितळतं, तेव्हा कांद्याच्या सालींत अंडी उकडून लाल करतात. बायका मोजून अंडी माझ्यात सोडायच्या आणि मोजून काढायच्या. एक नेहमी जास्त निघायचं. त्या एकमेकींकडे बघायच्या. मग कोणीतरी ते अंडं पदराआड धरून कबरस्तानाच्या भिंतीवर ठेवून यायची. शरद ऋतूत द्राक्षांचा काकवीसारखा पाक व्हायचा. भर थंडीत धनगरांची सोंगं यायची. त्यातलं काजळ फासलेलं एक सोंग अंगणात मरून पडायचं, लोक खोटं खोटं रडायचे, आणि मग ते उठून नाचायचं. एका वर्षी ते उठायला फार वेळ लागला. रडणाऱ्यांचं रडणं खरं व्हायला लागलं, तेव्हा कुठे त्याने एक डोळा उघडला. त्या दिवशी माझ्यातलं जेवण तसंच उरलं.

दुसरे सण चंद्राचे. रमजान, त्यानंतरची ईद म्हणजे बायराम, कुर्बानी, आशुरे. चंद्राच्या वर्षाला अधिक महिना नाही, म्हणून हे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि सगळ्या ऋतूंतून हिंडतात. बायरामच्या आदल्या दुपारी माझ्यात तेल तापवून पिठाच्या चांदक्या तळायच्या. तो वास मेलेल्यांना पोचतो अशी समजूत आहे. समजूत कसली? मी चुलाणावर असते, मला दिसतं. वास सुटला की उकळत्या तेलाच्या काठाशीसुद्धा हवा गार होते. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. जणू कोणी दाटीवाटीने वाकून बघत आहे. पहिली चांदकी म्हणूनच कोणी खात नाही.

या दोन जातीच्या सणांतले दोन सण तेहतीस वर्षांतून एकदाच गळ्यात गळा घालतात. चंद्राचा आशुरे आणि सूर्याचा हिद्रेल्लेझ. आशुरे म्हणजे गहू, हरभरे, जर्दाळू, अंजीर, अक्रोड यांची खीर. महापुरानंतर नूह पैगंबराच्या तारवात जे उरलंसुरलं होतं ते सगळं एकत्र शिजवलं, तीच ही. ती दारोदार वाटायची, आणि कोणी दिली तर नाही म्हणायचं नाही. आणि हिद्रेल्लेझ म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीची ती पहाट, जेव्हा हिझिर बाबा जमिनीवरून चालत जातो. हिझिरला मरण नाही. तो कधी भिकाऱ्याच्या रूपात येतो, कधी वाट चुकलेल्या पाहुण्याच्या. त्याची खूण एकच. त्याच्या उजव्या अंगठ्यात हाड नसतं.

म्हणून आमच्याकडे म्हाताऱ्या बायका परक्या माणसाचा हात हातात घेतला की हळूच अंगठा दाबून बघतात. गावातली गुल्लूबाई तर पोस्टमनलाही सोडायची नाही. तो बिचारा म्हणायचा, "आजी, पत्र घ्या आणि अंगठा द्या परत, मला अजून सहा गावं करायची आहेत."

या गुल्लूबाईची सून सेल्वी. नवरा इस्तंबूलला बांधकामावर, वर्षातून दोनदा येणारा. सेल्वीची पहिली दोन बाळं पाळण्यातच गेली. दोन्ही वेळा शिरा माझ्यातच परतला. एवढ्याशा जिवासाठी एवढी मोठी देग कशाला, असं बायका म्हणाल्या. पण सेल्वीने ऐकलं नाही. मोठ्या माणसाला जे मिळतं ते माझ्या बाळालाही मिळालं पाहिजे, म्हणाली. माझ्या तळाशी पसाभर पीठ फिरत राहिलं. ती ढवळत राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी कढत तांब्यावर पडून चर्र वाजायचं, तो आवाज मी अजून विसरले नाही.

तिसरी मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं दुर्सुन. आमच्या भाषेत याचा अर्थ, राहू दे. थांबू दे हिला. ते नाव म्हणजे हाकच होती.

पण दुर्सुन थांबण्याच्या तयारीत दिसत नव्हती. सात महिन्यांची झाली तरी बाळसं धरेना. अंग सदा गार. दूध ओढताना मध्येच दमून डोळे मिटायची. सेल्वी तिला छातीशी धरून अंगणात माझ्याजवळ येऊन बसायची, कारण दुपारच्या उन्हाने माझं तांबं तापलेलं असायचं. बाळाचे तळपाय ती माझ्या पोटाला टेकवायची आणि कुजबुजायची, "घे गं, थोडी ऊब घे." शहरातल्या डॉक्टरांनी औषध दिलं होतं, ते चालू होतं. पण आईचं मन एका औषधावर थांबत नाही.

अशा वाळत चाललेल्या बाळासाठी आमच्याकडे एक रीत आहे. देग थंड चुलाणावर ठेवायची. विस्तव नाही, हे महत्त्वाचं. आत मेंढीचं कातडं आणि गोधडी घालून बाळाला निजवायचं. आईने लाकडी डाव हातात घेऊन बाळाच्या भोवती हवेतच ढवळायचं. मग वाटेने एक बाई परक्यासारखी येते आणि विचारते, काय शिजवतेस? आई म्हणते, वाळलेलं पोर शिजवते. ती म्हणते, शिजव, शिजव, अंग धरू दे. असं तीन वेळा. मगच बाळाला बाहेर काढायचं. विचारणारी येईपर्यंत आईने आत डोकावायचं नाही, बाळाला हात लावायचा नाही. डोकावलं की कच्चं राहतं, असं म्हणतात.

गुल्लूबाईने त्यासाठी हिद्रेल्लेझची पहाट धरली. हिझिर जवळून जात असेल, त्याची सावली पडली तर पडली.

एरवी त्या पहाटेला चुलाण कितीतरी आठवड्यांचं गार असतं. गुल्लूबाईने अशी तीन पोरं आजवर शिजवून काढली होती. तिन्ही धट्टीकट्टी झाली. सवयीने माणूस निर्धास्त होतो. पण ते वर्ष तेहतिसावं होतं. आदल्या दिवशीच आशुरे होता. दिवसभर माझ्याखाली ओकची लाकडं जळली, खिरीचा शेवटचा वाडगा दिवस मावळताना निघाला. आणि दिवस मावळल्यावर आमच्याकडे चुलीत पाणी ओतत नाहीत. राखेत त्यांची बाळं निजलेली असतात. त्यांची म्हणजे कोणाची ते आमच्याकडे नाव घेऊन सांगत नाहीत. चुकून पाणी पडलं आणि एखादं भिजलं, तर त्यांची आई तुमच्या बाळाकडे बघते. म्हणून गुल्लूबाईने निखाऱ्यांवर राखेचा जाड थर ओढला, दोन शब्द पुटपुटली आणि झोपायला गेली.

सकाळी राख पांढरीशुभ्र होती. वर दंव पडलं होतं. तिने बघितलं. हात लावला नाही.

विचारणारी म्हणून शेजारच्या पेम्बेकाकूला नेमलं होतं. तिने सात घरांना वळसा घालून, पूर्वेकडून, कोणाशी एक शब्द न बोलता यायचं होतं. पेम्बेकाकू आणि न बोलणं! गाव तिला रेडिओ म्हणायचं. पण सेल्वीसाठी तिने तोंडाला खरोखरच कुलूप घातलं आणि उजाडता उजाडता निघाली. दुर्सुनला माझ्यात निजवून गुल्लूबाई ओढ्यावर गेली, त्या पहाटेचं पाणी भरून आणायला. अंगणात उरलो तिघी. सेल्वी, दुर्सुन आणि मी.

पेम्बेकाकूची वाट आशुरेने अडवली. आदल्या दिवशी ज्यांची खीर झाली नव्हती त्यांची त्या सकाळी झाली होती. पहिल्याच घराने वाडगा पुढे केला. नाही म्हणता येत नाही, आणि का घाई आहे तेही सांगता येत नाही. उभ्या उभ्या खाल्ला. दुसऱ्या घरी दुसरा. तिसऱ्या घरच्या बाईने पाहिलं की पेम्बे बोलत नाही, नुसती डोळे मोठे करून हातवारे करते आहे. तिला वाटलं, झटका आला. तिने आरडाओरड करून चार बायका जमवल्या, पेम्बेकाकूला ओट्यावर बसवलं, कोणी कपाळ चोळलं, कोणी कानात प्रार्थना फुंकली, आणि शक्ती यावी म्हणून आणखी एक वाडगा भरवला. हे सगळं नंतर हसून सांगितलं गेलं. तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

कारण डोंगरावरून सकाळचा वारा सुटला होता आणि चुलाणाच्या तोंडातून आत शिरत होता.

मला आधी वाटलं, ऊन पडलं असेल. पण ऊन वरून येतं. ही ऊब खालून येत होती. मग कळलं. मित्रांनो, मी आयुष्यभर विस्तवावर बसले आहे. विस्तव जागा होतो तेव्हा तो कसा एक एक बोट उघडतो, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? राखेखाली त्याने एक बोट उघडलं. मग दुसरं.

सेल्वी डाव फिरवत होती. मान तिरपी करून वाटेकडे बघत होती. ठरल्याप्रमाणे तिने आत डोकावलं नाही. दुर्सुन आधी कुरकुरत होती, ती गप्प झाली. तिला बरं वाटत होतं. जन्मापासून गार असलेलं ते अंग पहिल्यांदा उबेत निजलं होतं. सेल्वीच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिला वाटलं, रीत लागू पडते आहे.

मला ओरडायचं होतं. तांबं तापलं की टिक् टिक् वाजतं, तेवढंच मला येतं. मी वाजले. सेल्वीने कान टवकारले आणि पुटपुटली, "ऐक दुर्सुन, देगसुद्धा तुला गाणं म्हणते आहे." मी पुन्हा वाजले. मेंढीच्या कातड्याची खालची लोकर आखडायला लागली होती. वास सुटत होता, पण आदल्या दिवसाच्या धुराने अंगणच नव्हे, सगळं गाव कोंदलेलं होतं. ज्या पोटात मी त्या बाळाच्या दोन भावंडांचा शिरा परतला, त्याच पोटात... मी पुढचं मनात आणू शकले नाही. आणणं थांबवूही शकले नाही. राखेत काहीतरी कुशीवर वळलं. तिथे कोणाची तरी बाळं खरंच निजलेली असावीत, आणि तीही जागी होत असावीत.

तेव्हा वाटेवर एक माणूस दिसला.

पूर्वेकडून आला, जसं यायला हवं तसा. म्हातारा, जुना कोट घातलेला, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या. त्याच्या पावलांचा आवाज नव्हता. मला माणसं चेहऱ्याने ओळखू येत नाहीत. देगेला हात कळतात. तो कुंपणाशी थांबला नाही, सरळ चुलाणापाशी आला. सेल्वी दचकली. विचारणारी बाई असावी लागते. पण रीत मोडायची भीती तिला जास्त होती. ती ढवळत राहिली.

"काय शिजवतेस, पोरी?" त्याने विचारलं.

"वाळलेलं पोर शिजवते."

"काय शिजवतेस?"

त्याने मधलं वाक्य म्हटलंच नाही. शिजव, शिजव, असं म्हणायचं असतं. सेल्वीने डाव घट्ट धरला. "वाळलेलं पोर शिजवते, बाबा."

त्याने उजवा हात पुढे केला आणि माझ्या काठावर ठेवला. काठ एव्हाना चटका बसेल इतका तापला होता. हात मागे गेला नाही. त्याचा अंगठा काठावरून जरा सरकला, काहीतरी शोधल्यासारखा, आणि त्या उथळ खळग्यात जाऊन बसला. अगदी बरोबर बसला. मऊ होता. आत हाड नव्हतं.

"काय शिजवतेस?" तिसऱ्यांदा, खूप हळू.

सेल्वीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तो थांबला नाही.

"झालं," तो म्हणाला. "काढ."

सेल्वीने डाव टाकला आणि दोन्ही हात माझ्यात घातले. बाळाला उचललं आणि मग तिला खाली दिसलं. गोधडी पिवळी पडली होती, मध्ये तपकिरी. कातड्याखालून धुराची एक दोरी सरळ वर येत होती. दुर्सुनच्या पाठीवर नुसती लाली होती, थंडीत गालावर येते तेवढी. ती जागी झाली आणि रडली. जोरात रडली. एवढ्या जोरात ती त्याआधी कधी रडली नव्हती.

सेल्वीने मान वर केली तेव्हा अंगणात कोणी नव्हतं.

पेम्बेकाकू कुंपणातून धापा टाकत आली, तोंडाला खीर लागलेली. सवयीने तिने ठरलेला प्रश्न विचारला, काय शिजवतेस म्हणून. सेल्वी उत्तर द्यायच्या ऐवजी बाळाला घेऊन जमिनीवर बसली. मग गुल्लूबाई आली, तिच्या हातातला घडा पडला. तिने चुलाणात हात घातला. आता घातला. बोटं भाजली तशी तिने कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून मरेपर्यंत तिने स्वतःला माफ केलं नाही. कोणी तिचं सांत्वन करायला लागलं की म्हणायची, "सोडा. मी बघितलं, पण हात लावला नाही."

बायका जमल्या. सेल्वीने त्या म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. पूर्वेच्या वाटेवर गवतावरचं दंव कुठेच मोडलं नव्हतं, फक्त पेम्बेकाकूच्या पावलांनी मोडलं होतं. मग कोणाला शंका राहिली नाही. गुल्लूबाईने सुनेला एवढंच विचारलं.

"अंगठा दाबून बघितलास का?"

"माझे हात रिकामे कुठे होते, आई?" सेल्वी म्हणाली.

हिझिर आला होता, असं गावात ठरलं. माझ्या कड्यांना रंगीत चिंध्या बांधल्या गेल्या. शेजारच्या गावांतून बायका यायच्या, माझ्या काठाला ओठ टेकवायच्या, आजारी पोरांचे सदरे माझ्यावरून फिरवायच्या. लोक मला भाग्याची देग म्हणू लागले. दुर्सुन हळूहळू अंग धरू लागली. औषधाने म्हणा, रीतीने म्हणा. मी तिला दोन पायांवर माझ्याभोवती फिरताना पाहिलं. माझ्या पोटात तोंड घालून ती "ऊऽऽ" करायची आणि परत आलेला आवाज ऐकून खदखदा हसायची.

एवढी स्तुती झाली, तरी मला आतून गार वाटायचं. अंगठ्यात हाड नव्हतं, हे खरं. पण तो अंगठा हिझिरचा नव्हता. त्याला खळग्याची जागा माहीत होती. कधी काढायचं तो क्षण माहीत होता. ज्याचं दुकान बंद दिसल्यावर आपण सगळे पलीकडच्या दुकानात गेलो, ज्याच्याबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही, तोच आमच्या दारात तीन वेळा प्रश्न विचारून गेला. हे मी कोणाला आणि कसं सांगणार होते?

मग दिवस पालटले. गावात गॅस आला, हलकी ॲल्युमिनियमची पातेली आली. तरुण माणसं शहरात गेली. आशुरेची खीर दुकानातून प्लास्टिकच्या वाट्यांत यायला लागली. कल्हईवाला आधी दोन वर्षांनी येऊ लागला, मग येईनासा झाला. गुल्लूबाई गेली तेव्हा तिचा शिरा माझ्यात परतला, त्यानंतर मला कोणी चुलीवर चढवलं नाही. कोठीत पालथी घालून ठेवली. पालथ्या देगेच्या पोटात फार अंधार असतो, मित्रांनो. माझी कल्हई गेली, अंगावर हिरवं चढलं. हिरवं म्हणजे विष. आता कोणी मला उताणी करून आंबट काही शिजवलं तर मी माणसं मारीन, हे मला कळत होतं. अंधारात कधीकधी तो जुना "ऊऽऽ" माझ्यात घुमायचा. कोणी आत नसायचं. तरी घुमायचा.

परवा कोठीचं दार उघडलं. दुर्सुन आली होती. अंकाराला असते, नर्स आहे, आणि कडेवर तिची मुलगी होती, गुबगुबीत, आईच्या कानातलं ओढणारी. मागे सेल्वी, केस पिकलेली. भंगारवाल्याला बोलावलं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला की तांबं चांगलं आहे, पण वितळवूनच उपयोग. दुर्सुन माझ्याजवळ बसली. काठावरून हात फिरवत गेली आणि मध्येच थांबली.

"आई, इथे खड्डा आहे. अंगठा मावेल एवढा."

सेल्वी पुढे आली. तिने आपला अंगठा खळग्यात ठेवला. तिच्या अंगठ्यात हाड आहे, तो नीट बसला नाही. पण तिने बराच वेळ तो काढला नाही. मग तिने भंगारवाल्याला सांगितलं, ही नाही.

त्या दोघींनी मला तोकातला नेलं. आळीत आता एकच कल्हईवाला उरला आहे. त्याने मला तापवलं, कथील फिरवलं. सेल्वी दुकानाबाहेर उभी होती, समोरच्या बंद फळ्यांकडे बघत. तिथे अजून ते जुनं कुलूप आहे. तिने सहज विचारलं, "हे दुकान कोणाचं होतं हो?"

सहजच विचारलं. पण माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. कल्हईवाल्याने खांदे उडवले. मिसाक की काय, असं आजोबा म्हणायचे, एवढंच तो म्हणाला. नाव तरी उच्चारलं गेलं. आणि त्याच क्षणी माझ्या पोटात कथील पाण्यासारखं पसरलं, इतकं एकसारखं की तो माणूस स्वतःच चकित झाला. काढा म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तरी त्याने अगदी बरोबर क्षणी मला उतरवलं आणि वळून मागे बघितलं.

आता मी पुन्हा चामाल्तीच्या अंगणात आहे, आतून पांढरी. या वर्षीचा आशुरे माझ्यातच शिजला. संध्याकाळी दुर्सुनने राखेत हात घालून शेवटचा निखारा शोधला, तव्यावर घेतला आणि तो विझेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली. पाणी तिनेही ओतलं नाही. कोणाची बाळं निजलेली असतील तर निजू देत. पण हात लावला.

तुम्ही दूरच्या गावातली मुलं. तुमच्याकडे देग नसेल, चुलाणही नसेल. पण राख सगळीकडे असते, आणि वरून ती गारच दिसते. तिला हात लावून बघत जा. घरातल्या जुन्या भांड्यांना वर्षातून एकदा तरी कल्हई करा. आणि वाटेने जाताना एखादी आई एकटीच काही ढवळत बसलेली दिसली, एखाद्या दुकानाचं कुलूप धुळीने भरलेलं दिसलं, तर पुढे जाऊ नका. थांबा आणि विचारा. पहिल्यांदा उत्तर मिळणार नाही. तीनदा विचारा.

पुढच्या तेहतिसाव्या वर्षाला आता फार दिवस उरलेले नाहीत. त्या पहाटे विचारायला वाटेवर कोणी आलं नाही, तर मिसाक पुन्हा येईल, हे मला माहीत आहे. पण त्याला यावं लागू नये. किती दारांशी जाणार तो एकटा? दमला असेल हो आता.